बेचाळीस भरली म्हणजे बरोबर, असे नव्हे

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार. आपल्या विज्ञान पुरवणीतला बहुगुणित पिकांवरचा, म्हणजे गुणसूत्रांचे दोनाहून जास्त संच असलेल्या पिकांवरचा, लेख वाचला. एरवी प्रयोगशाळेबाहेर न पडणारा विषय वृत्तपत्राने हाती घेतला याचे बरे वाटले. पण लेखात दोन गोष्टींची सरमिसळ झाली आहे. बहुगुणित पिकांत गुणसूत्रे जादाच असतात, तेव्हा एखादे कमीजास्त झाले तरी बिघडत नाही, हा त्यातून काढलेला निष्कर्ष अर्धाच खरा आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी हे पत्र.

आधी सरमिसळ. गव्हाच्या पेशीत ४२ गुणसूत्रे असतात, म्हणून ती ‘बिघडलेली संख्या’ ठरत नाही. सातांचा एक संच, असे सहा पूर्ण संच, म्हणून ४२. भुईमुगाची ४०, अमेरिकन कापसाची ५२, बटाट्याची ४८, स्ट्रॉबेरीची ५६, रताळ्याची ९०. सगळीकडे संच पूर्णच आहेत, फक्त दोनाऐवजी चार, सहा किंवा आठ. बिघाड म्हणायचा तो गव्हात ४१ किंवा ४३ निघाली तर. एक संच पुरा नाही, किंवा एका संचात एक गुणसूत्र जास्त. पहिल्या प्रकाराला बहुगुणित म्हणतात, दुसऱ्याला विषमगुणित. पहिल्यामुळे दुसरा सोसण्याची ताकद येते, इथपर्यंत लेख बरोबर आहे. ती ताकद येते कुठून आणि संपते कुठे, हे मात्र त्यात नाही.

द्विगुणित झाडात प्रत्येक गुणसूत्राच्या दोन प्रती असतात. त्यातली एक गेली तर त्यावरच्या शेकडो जनुकांचा माल ढोबळमानाने निम्म्यावर येतो; एक वाढली तर दीडपट होतो. पेशीतली बरीचशी यंत्रे वेगवेगळ्या गुणसूत्रांवरून आलेल्या प्रथिनांची जुळणी करून बनतात. एक भाग दीडपट आला आणि त्याच्या जोडीचा भाग होता तेवढाच राहिला, तर जुळणी अडते आणि उरलेला भाग निस्तरण्याचे काम पेशीवर पडते. म्हणून सगळे संच दुप्पट केले तर झाड ते सहज सोसते, आणि एकच गुणसूत्र वाढवले तर मलूल पडते. धोतऱ्यात हे अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ ब्लेकस्लीने १९२०च्या दशकात दाखवून दिले. धोतऱ्याची गुणसूत्रे २४, म्हणजे बारा जोड्या. बारांपैकी कोणते गुणसूत्र जादा आहे त्याप्रमाणे बोंडाचा आकार बदलत होता. दोष नुसत्या वाढीचा असता तर बाराही झाडे सारखीच दिसली असती. त्या त्या गुणसूत्रावरच्या जनुकांचा तोल गेल्याने प्रत्येकाचे रूप वेगळे झाले.

आता गहू. त्याचे सहा संच तीन वेगवेगळ्या गवतांकडून आलेले आहेत. त्यांना ए, बी आणि डी म्हणतात, आणि प्रत्येकातल्या गुणसूत्रांना १ ते ७ क्रमांक देतात. १ए ची जोडी सख्खी, आणि १बी, १डी या तिच्या चुलत जोड्या. चुलत भावंडांवर जनुके जवळपास तीच, त्याच क्रमाने. १ए ची एक प्रत गेली तर सहांतल्या पाच उरतात, म्हणजे घट सहाव्या हिश्शाची. द्विगुणित झाडात तीच घट निम्म्याची असते. एवढ्या फरकावर झाड जगते की मरते हे ठरते.

अमेरिकेत मिसूरीला अर्नेस्ट सीअर्स यांनी ‘चायनीज स्प्रिंग’ या वाणावर हे काम शेवटाला नेले आणि १९५४ मध्ये मांडले. २१ जोड्यांपैकी एकेक प्रत कमी असलेली, म्हणजे ४१ गुणसूत्रांची (मोनोसोमिक) २१ झाडे. आणि दोन्ही प्रती काढून टाकलेली, ४० गुणसूत्रांची (नलिसोमिक) झाडेही. द्विगुणित झाडात अख्खी जोडी गेली तर रोपच निघत नाही. इथे रोप निघाले, वाढले, पण खुजे, अरुंद पानांचे. काही नरवंध्य, काही मादीच्या बाजूने कमकुवत. पुढची पायरी मला सगळ्यांत बोलकी वाटते. १ए ची जोडी पूर्ण काढली आणि १बी च्या दोनाऐवजी चार प्रती दिल्या. झाड पुष्कळसे सावरले. तेच १ए काढून २बी च्या चार प्रती दिल्या तर सावरले नाही. कोणते गुणसूत्र कोणाचे चुलत, हे सात गटांचे कोष्टक अशाच भरपाईवरून पक्के झाले.

या सावरलेल्या झाडाची गुणसूत्रे मोजली तर ४२ भरतात. आकडा अगदी बरोबर, आणि आत एक जोडी मुळातच नाही. नुसत्या मोजणीवर विसंबणाऱ्याला हे झाड निर्दोष वाटेल.

शिवाय चुलत भावंडांकडे सगळे असतेच असे नाही. ५ए वर क्यू नावाचे जनुक आहे. गव्हाची ओंबी आखूड, दाट आणि मळताच दाणे सुटणारी होते ती त्याच्यामुळे. ५बी आणि ५डी वरच्या प्रती त्याची जागा घेऊ शकत नाहीत. म्हणून ५ए चे नुकसान शेतात उघड्या डोळ्यांना दिसते: ओंबी लांबट, विरळ, निमुळती, तुसे कडक, मळताना दाणा तुसातच अडकतो. बीजोत्पादनाच्या शेतात अशी ‘स्पेल्टसारखी’ (स्पेल्ट हा जुन्या प्रकारचा गहू) ओंबी दिसली की भेसळ समजून उपटून टाकतात. टाकावीच. पण ती दरवेळी दुसऱ्या वाणाची भेसळ नसते. त्याच वाणातल्या एखाद्या झाडाची ५ए ची एक प्रत गळालेली असू शकते. दोन्हींचे उपाय वेगळे. भेसळ असेल तर चूक गोदामात किंवा मळणीयंत्रात झालेली असते. गुणसूत्र गळाले असेल तर मूळ बियाण्याच्या ओळी एकेक करून तपासाव्या लागतात, कारण ४१ गुणसूत्रांचे झाड पुढच्या पिढीत आपल्यासारखीच झाडे मोठ्या प्रमाणात देते.

किती, तेही पाहण्याजोगे आहे, कारण इथे मेंडेलचा शाळकरी हिशेब चालत नाही. एकटे पडलेले गुणसूत्र निम्म्या अंडपेशींत जायला हवे. प्रत्यक्षात ते साधारण चौथ्या हिश्शातच पोचते. युग्मके बनवणाऱ्या अर्धगुणसूत्री विभाजनात जोडीदार नसल्याने ते मध्यरेषेवर रेंगाळते. बाकीची दोन्ही टोकांना पोचून केंद्रकाचे आवरण बनेपर्यंत हे बाहेरच राहते, त्याचे एक लघुकेंद्रक होते आणि ते पुढे विरून जाते. म्हणजे अंडपेशींपैकी सुमारे ७५ टक्के २० गुणसूत्रांच्या, २५ टक्के २१ च्या. परागकणही याच प्रमाणात बनतात, पण परागनलिकेच्या शर्यतीत २० चे मागे पडतात. फलन करणाऱ्या परागांपैकी ९६ टक्क्यांच्या आसपास २१ चेच असतात. गुणाकार केला तर संततीत सुमारे २४ टक्के ४२ ची, ७३ टक्के ४१ ची आणि ३ टक्के ४० ची झाडे येतात. गुणसूत्रागणिक हे आकडे हलतात, पण ढब हीच. बहुगुणित पीक चुकलेली संख्या कशी गाळते, हेही इथेच दिसते. मादीच्या बाजूला गाळणी जवळजवळ नाही. खरी गाळणी परागाची.

म्हणून ४१ ची ओळ सांभाळायची तर दर पिढीला मोजणी टळत नाही, आणि मोजूनही एक धोका उरतो. रेंगाळण्याच्या गडबडीत दुसरीच एखादी जोडी फुटते आणि पुढच्या पिढीत मूळ गुणसूत्र भरून येऊन भलतेच कमी पडते. आकडा ४१ च राहतो, ओळीच्या पाटीवर ५ए लिहिलेले असते, आणि आत कमी असते २डी. यावरची तपासणी अशी: त्या ओळीचा संकर, जिच्या ५ए ला दोनांपैकी एकच भुजा (गुणसूत्राची एक बाजू) आहे अशा ओळीशी करायचा. ४१ ची संतती निवडून परागकोशात जोड्या पाहायच्या. एकभुज गुणसूत्र एकटे फिरत असेल तर ओळ खरी. ते एका पूर्ण गुणसूत्राशी जोडी करून बसले असेल आणि एकटे पडलेले दुसरेच कोणी असेल, तर पाटी खोटी.

एवढी चुलत गुणसूत्रे एका पेशीत असताना मुळात गोंधळ कसा होत नाही? १ए ने १बी शी जोडी करायला काय हरकत? हरकत घेणारा जनुकस्थळ ५बी च्या लांब भुजेवर आहे. १९५८ मध्ये इंग्लंडमध्ये रायली आणि चॅपमन यांनी आणि अमेरिकेत सीअर्स आणि ओकामोटो यांनी तो स्वतंत्रपणे दाखवला. त्याला पीएच१ म्हणतात. तिथल्या झिप४ जनुकाच्या एका जादा प्रतीकडे हे काम असल्याचे आता दिसून आले आहे. पीएच१ असताना सख्खी सख्ख्यांशीच जुळतात, २१ जोड्या नीट लागतात. तो काढला की तीन-तीन, चार-चार गुणसूत्रांचे झुबके बनतात, वाटणी चुकते, तुकड्यांची अदलाबदल होते आणि पिढीगणिक दाणे भरणे घटते. पैदासकार मात्र तो मुद्दाम काढतात. रानटी नातेवाइकाच्या गुणसूत्राचा तुकडा गव्हात बसवायचा असेल तर सीअर्स यांनी १९७७ मध्ये दिलेली पीएच१ नसलेली ओळ वापरतात आणि काम झाल्यावर पीएच१ परत आणतात. परत आणायला उशीर झाला की नको असलेल्या अदलाबदली साठत जातात, आणि हव्या तुकड्याची ओळ कशामुळे कमजोर पडली हे शोधणे अवघड होते.

बटाट्यासारख्या पिकात चार प्रती सख्ख्याच असतात, तिथे चुलतांना दूर ठेवण्याचा प्रश्नच नाही. चौघांचा झुबका झाला तर वाटणी दोन-दोन होण्याऐवजी तीन-एक होऊ शकते. अरेबिडॉप्सिस अरेनोसा या रानटी चतुर्गुणित वनस्पतीने काढलेला तोडगा साधा आहे: जोडी करताना गुणसूत्रांना एकमेकांशी बांधणारे सांधेच कमी करायचे. एका गुणसूत्राला एकच सांधा मिळाला की त्याला दोन जोडीदार धरता येत नाहीत, आणि चौघांतून आपोआप दोन जोड्या होतात.

ही शिस्त जुन्या, मुरलेल्या बहुगुणितांची. नव्याने बनलेल्यांत ती नसते. १९३५ मध्ये यू यांनी मोहरीवर्गाचा त्रिकोण मांडला: २० आणि १८ गुणसूत्रांच्या दोन जातींपासून ३८ ची रेपसीड, तसेच १६ च्या जातीशी मिळून ३६ ची मोहरी आणि ३४ ची इथिओपियन मोहरी. हाच रेपसीड प्रयोगशाळेत पुन्हा जुळवला आणि पिढ्यानपिढ्या पाहिला तर बहुतेक झाडांत संख्या किंवा रचना बिघडलेली सापडली. पण बिघाड वाटेल तसा नव्हता. एका जातीकडून आलेल्या ए१ ची एक प्रत गेलेली असेल तिथे दुसरीकडून आलेल्या, त्याच्या चुलत सी१ ची एक वाढलेली, बेरीज पुन्हा चार. आणि ज्या झाडांत सगळे जागच्या जागी होते तीच जास्त बी देत होती. पिकांबाहेरचे उदाहरण ट्रॅगोपोगॉन मिसेलस या अमेरिकेतल्या रानफुलाचे. हा चतुर्गुणित तिथे जेमतेम गेल्या शंभरेक वर्षांत बनला. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीत ६९ टक्के झाडे विषमगुणित निघाली, आणि तिथेही एका बाजूची घट दुसऱ्या बाजूच्या वाढीने भरलेली दिसली. ट्रिटिकेलच्या (गहू आणि राई-धान्य यांच्या संकराचे पीक) सुरुवातीच्या ५६ गुणसूत्रांच्या ओळी याच अस्थिरतेत अडकल्या. पीक म्हणून ४२ ची टिकली.

वरच्या सगळ्या पिकांना बी धरावे लागते, म्हणून वाटणीला महत्त्व. बी धरायचेच नसेल तर चुकलेली वाटणी फायद्याची ठरते. बिनबियांचे कलिंगड त्यावरच उभे आहे. हा मार्ग किहारा यांनी जपानमध्ये दाखवला. रोपाच्या शेंड्यावर कोल्चिसीन हे गुणसूत्रे दुप्पट करणारे रसायन लावून २२ ची ४४ करायची, त्या चतुर्गुणिताला मादी ठेवून २२ च्या नराचे पराग द्यायचे, म्हणजे ३३ चे बी मिळते. उलट संकर करून चालत नाही; द्विगुणित मादीवर चतुर्गुणिताचा पराग टाकला तर बीच भरत नाही, कारण भ्रूणपोषातला आईबापाचा तोल उलटा होतो. ३३ चे रोप वाढते धष्टपुष्ट. मात्र युग्मक बनवताना अकरा त्रिकुटांपैकी प्रत्येकाला दोन इकडे, एक तिकडे असे जावे लागते. सगळ्या अकराही त्रिकुटांचे दोन एकाच बाजूला पडण्याची शक्यता १०२४ मध्ये एक. बाकीची सगळी युग्मके १२ ते २१ च्या मधली, निरुपयोगी. बी ऐवजी मऊ पांढरी पापुद्र्यासारखी टरफले उरतात ती याचमुळे. शेतात होणारी नेहमीची चूक म्हणजे फक्त ३३ चीच रोपे लावणे. त्यांचा पराग निकामी असतो आणि पराग मिळाल्याशिवाय फळ धरत नाही, म्हणून तीन-चार रोपांमागे एक द्विगुणित रोप हवेच. आणि ३३ च्या बीचे कवच जाड, गर्भ लहान. थंड आणि ओल्या मातीत ते कुजते. ३० अंशांच्या आसपास ऊब आणि बेताची ओल, हे उगवणीचे पथ्य.

हळद (६३) आणि केशर (२४) हीदेखील त्रिगुणित, म्हणून कंदांवरच चालतात. उसाची गोष्ट याहून गुंतागुंतीची. जाडा गोड ऊस ८० गुणसूत्रांचा. रानटी स्पाँटेनियम उसाची ४० पासून १२८ पर्यंत काहीही. दोघांच्या पहिल्या संकरात मादी आपली निम्मी न देता ८० च्या ८० देते आणि नर निम्मी. म्हणजे ६४ च्या स्पाँटेनियमशी संकर केला तर ११२. कोईमतूरच्या ऊस पैदास केंद्रातून १९१८ मध्ये आलेला को २०५ हा वाण याच प्रकारचा संकर. पुढे जाड्या उसाशी पुन्हापुन्हा संकर होत गेल्याने आजच्या वाणांत साधारण १०० ते १३० गुणसूत्रे असतात आणि कोणत्या चुलत गटाच्या किती प्रती आहेत हे वाणागणिक बदलते. एकाच संकराच्या दोन रोपांतही आकडा जुळेलच असे नाही. पण कांडीने लावायचे असल्याने निवडलेला तोल तसाच गोठतो. गव्हात ज्याला बिघाड म्हणू ते उसात वाणाचे अंगभूत लक्षण होऊन बसते.

आता तपासणीबद्दल, कारण लेखात ‘यंत्राने मोजता येते’ एवढेच म्हटले आहे. फ्लो सायटोमीटर एकूण डीएनए मोजतो. त्रिगुणित आणि चतुर्गुणित तो झटकन वेगळे करतो. पण गव्हात एक गुणसूत्र म्हणजे सरासरी २.४ टक्के, आणि यंत्राची स्वतःची चूकही त्याच आसपासची. ४१ आणि ४२ वेगळे करायला अजून मुळाचे टोकच घ्यावे लागते. ओल्या कागदावर बी उगवून मूळ एक-दोन सेंटिमीटर झाले की कापायचे. बर्फाच्या पाण्यात २४ तास ठेवायचे, म्हणजे विभाजन मध्यावर थांबते आणि गुणसूत्रे आखूड होतात. मग तीन भाग अल्कोहोल आणि एक भाग ग्लेशियल अॅसिटिक आम्लात एक दिवस. एक नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात ६० अंशांना आठ-दहा मिनिटे. कमी पडली तर पेशी सुट्या होत नाहीत, जास्त झाली तर रंग धरत नाही. फॉइलगेन किंवा अॅसिटोकार्मिनने रंगवून, टोकाचा गडद मिलिमीटरभर भाग ४५ टक्के अॅसिटिक आम्लाच्या थेंबात ठेवून काचपट्टीखाली दाबायचा. दाबताना काचपट्टी आडवी सरकली की पेशी फाटते आणि एखादे गुणसूत्र शेजारी जाऊन पडते. म्हणून चूक बहुधा कमी मोजण्याकडेच झुकते. एका पेशीत ४१ दिसली म्हणून झाड ४१ चे ठरत नाही. निदान दहा नीट पसरलेल्या पेशी बघाव्यात आणि बहुमताचा आकडा धरावा.

एवढे करूनही ४२ म्हणजे कोणती ४२, हे उरतेच. त्यासाठी पट्टे रंगवणे, फ्लुरोसंट खुणा किंवा डीएनए चाचणी लागते. साध्या ‘आहे-नाही’ चाचणीत एकच प्रत उरलेले झाडसुद्धा ‘आहे’ असेच सांगते. प्रतींची संख्या सांगणारी चाचणी हवी. गव्हातला १बी/१आर बदल हे याचे जगभर पसरलेले उदाहरण. १बी ची आखूड भुजा जाऊन तिथे राईच्या (मोहरी नव्हे, गव्हासारखे धान्य) १आर ची आखूड भुजा बसली. चुलतच असल्याने झाड सावरले, संख्या ४२ च राहिली, आणि तिच्याबरोबर एसआर३१ हे तांबेरा रोखणारे जनुक आले. जोडीला राईची प्रथिने आली आणि कणीक चिकट होऊ लागली. पुढे युगांडात १९९८ मध्ये सापडलेल्या यूजी९९ या तांबेऱ्याच्या प्रकाराने एसआर३१ ला बगल दिली, तेव्हा कोणत्या वाणात ही भुजा आहे हे ठाऊक असणे एकदम मोलाचे ठरले. नुसत्या संख्येवरून ते कोणालाही सांगता आले नसते.

शेवटी एक छोटी दुरुस्ती, शक्य असल्यास छापावी. लेखाच्या चौकटीत केळीची गुणसूत्रे २२ दिली आहेत. ती बिया असलेल्या रानकेळीची. कॅव्हेंडिश गटातल्या केळीची ३३.

आपला,
पीक-पेशीशास्त्राचा एक अभ्यासक